मदत हवी आहे: एकाच घरात दोन तऱ्हेचे जुलाब, मुलीच्या रिपोर्टात 'शिगेला'. दोष आडाच्या पाण्याचा का?

नमस्कार. आम्ही खानापूर तालुक्यात राहतो, पिण्याला घरच्या आडाचं पाणी. पावसानं आड काठोकाठ भरलाय, पाणी तांबूस येतंय. रोप लावणीची घाई, सगळे दिवसभर शेतात, त्यात आठ दिवस पाणी उकळायचं राहून गेलं.

आधी सासूबाईंना (वय ६८) ढाळ लागले. ताप नाही, कळ नाही, नुसतं तांदळाच्या धुवणासारखं पाणी, दिवसात पंधरा-सोळा वेळा. संध्याकाळपर्यंत डोळे खोल गेले, पायांत गोळे आले. दवाखान्यात रात्रभर सलाईन लावल्यावर सकाळी उठून बसल्या. संडासची तपासणी काही झाली नाही.

तीन दिवसांनी मुलीला (वय ६) सुरू झालं. तिचं वेगळंच. १०२ ताप, कुंथून कुंथून थोडं थोडं होतंय, त्यात आव आणि रक्त. शेजारच्या काकींनी जुलाब बंद करायची गोळी आणून दिली होती, पण रक्त बघून मला धीर झाला नाही. बेळगावला नेऊन संडासचं कल्चर (जंतू वाढवून ओळखायची तपासणी) केलं. रिपोर्ट आज आलाय: शिगेला फ्लेक्सनेरी. खाली औषधांची यादी, सिप्रोफ्लॉक्सासिनपुढे 'आर', अ‍ॅझिथ्रोमायसिनपुढे 'एस'. आणि तिला चालू आहे ते सिप्रोफ्लॉक्सासिनच! ताप उतरलाय, रक्त अजून दिसतंय.

औषध बदलायला हवं का? दोघींना एकच जंतू असेल का? की माझ्याच हातून पोरीला लागण झाली? सासूबाईंचं सगळं मीच करत होते, स्वयंपाकही मीच. हा विचार डोक्यातून जात नाही. गावात लावलेली सूचना कन्नडमध्ये आहे, ती सासूबाईंना वाचता येत नाही. कुणी साध्या मराठीत लिहिलं तर त्यांना वाचून दाखवेन.

प्रतिसाद (लॅबमध्ये काम करतो, बेळगाव)

ताई, गोळी दिली नाहीत हे फार बरं केलंत. रक्ती आवेत ती देऊ नये, लहान मुलांना तर नाहीच.

'आर' म्हणजे त्या औषधाला जंतू दाद देत नाही, 'एस' म्हणजे ते त्याच्यावर लागू पडतं. शिगेलाच्या बाबतीत आपल्याकडे सिप्रोफ्लॉक्सासिनची ही गत सर्रास दिसते. रक्त अजून पडतंय, तेव्हा आजच रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे जा. औषध ते बदलतील, तुम्ही दुकानातून आणू नका. मुलगी सुस्त पडली, लघवी कमी झाली किंवा झटका आला तर घरी थांबू नका.

दोघींची लक्षणं बघता जंतू वेगळे असावेत. शिगेला आतड्याच्या अस्तरात शिरून जखमा करतो, म्हणून रक्त आणि कळ. कॉलऱ्याचा जंतू आत शिरत नाही, त्याचं विष आतड्यातून पाणी ओढून काढतं. हे विष १९५९ साली कोलकात्यात शंभुनाथ डे यांनी सशाच्या आतड्यावर दाखवून दिलं. सासूबाईंचं वर्णन त्या जातीचं वाटतं, पण ई. कोलायच्या एका प्रकारानंही तसंच होतं. तपासणीशिवाय नाव घेता येणार नाही. तरी आशाताईंना आजच कळवा. कॉलऱ्याची नुसती शंका असली तरी आरोग्य केंद्राला कळायला हवं.

आता हातांचं. शिगेला १०-१०० जंतू पोटात गेले तरी होतो, म्हणून तो हातावरून, माशीवरूनही पसरतो. कॉलऱ्याला लाखो-कोटी लागतात, तो बहुतेक पाण्या-अन्नातून येतो. मुलीला शाळेतूनही लागला असेल, तुम्ही स्वतःला दोष देऊ नका.

ओआरएसचं अख्खं पाकीट एक लिटर पाण्यात, २४ तासांनी उरलेलं ओतून द्या. मुलीला झिंक २० मिलिग्रॅम, १०-१४ दिवस, जुलाब थांबले तरी. आडात हजार लिटरला साधारण अडीच ग्रॅम ब्लीचिंग पावडर लागते. गढूळ पाण्यात क्लोरीन गाळातच खर्च होतं, म्हणून प्रमाण आशाताईंकडून ठरवून घ्या. तासभर पाणी शेंदू नका. तोवर खळखळ उकळलेलंच प्या.

धागाकर्ती

दादा, खूप आभार. डॉक्टरांनी औषध बदललं, आज रक्त नाही. आशाताई उद्या आड बघायला येतायत. तुमचं सगळं सासूबाईंना वाचून दाखवलं. भाकऱ्या थापायला बसल्या होत्या, उठून आधी साबणानं हात धुऊन आल्या. एकच विचारते, पोरीला शाळेत कधी पाठवू?

प्रतिसाद (लॅबमध्ये काम करतो, बेळगाव)

जुलाब पूर्ण थांबल्यावर निदान दोन दिवस घरीच ठेवा. पण संडासातून जंतू पुढे काही आठवडे जाऊ शकतात, तेव्हा तिचे हात तुमच्या नजरेसमोर धुतले जाऊ देत.