शब्दचर्चा : बर्लेस्क, कॉर्सेट आणि कंचुकी

प्रश्न

रंगमंचीय वेशभूषेवरची एक पुस्तिका मराठीत आणायची आहे. विषय आहे १९४० ते ६० या काळाच्या धाटणीचे स्त्रियांचे कपडे आणि ते घालून होणारे बर्लेस्कचे प्रयोग. 'बर्लेस्क'साठी 'विडंबन' हा शब्द सुचतो, पण पुस्तिकेत शहामृगाच्या पिसांचे पंखे, लांब हातमोजे आणि एकेक कपडा उतरवण्याचा क्रम आहे. मग यात विडंबन कुठे आले? शिवाय व्हिंटेज, कॉर्सेट, बोन, पेटीकोट, सीम्ड स्टॉकिंग हे शब्द पानोपानी येतात. त्यांतल्या कशाकशाला मराठी शब्द द्यावा?

प्रतिसाद १

'विडंबन' चूक नाही, पण तो अर्थ निम्मा आहे. इटालियन भाषेत 'बुर्ला' म्हणजे थट्टा, त्यावरून 'बुर्लेस्को' आणि फ्रेंचमार्गे 'बर्लेस्क'. व्हिक्टोरियन लंडनमध्ये बर्लेस्क म्हणजे गंभीर नाटके, ऑपेरा आणि पुराणकथा यांची यमक-श्लेषांनी भरलेली टवाळी. त्यात पुरुषांच्या भूमिका बायका करत आणि त्यासाठी तंग पायमोजे घालत. पायघोळ झग्यांच्या त्या काळात बाईच्या पायांचा आकार दिसणे हीच खळबळजनक गोष्ट होती. लिडिया थॉम्प्सन १८६८ मध्ये आपली मंडळी घेऊन न्यूयॉर्कला गेली आणि हा प्रकार अमेरिकेत रुजला. पुढे तिथे विनोदी प्रवेश, गाणी आणि नाच यांची मालिका झाली, आणि १९२०-३० च्या दशकांत स्ट्रिपटीज (हुलकावण्या देत एकेक कपडा उतरवण्याचा नाच) हे तिचे मुख्य आकर्षण ठरले. १९३७ मध्ये महापौर ला ग्वार्डिया यांच्या प्रशासनाने न्यूयॉर्कमधल्या बर्लेस्क थिएटरांचे परवाने रोखले. १९९० च्या दशकात हा प्रकार पुन्हा उभा राहिला. त्याला निओ-बर्लेस्क म्हणतात आणि तुमची पुस्तिका त्याबद्दल दिसते.

म्हणून एकोणिसाव्या शतकातल्या नाटकांसाठी 'विडंबननाट्य' लिहा आणि विसाव्या शतकापासून पुढे 'बर्लेस्क' हाच शब्द ठेवा. तो नपुंसकलिंगी चालतो : ते बर्लेस्क, बर्लेस्कचा प्रयोग, बर्लेस्क कलावंत. 'नग्ननृत्य' मात्र कुठेही नको. त्या शब्दाने शेवट सांगितला जातो, आणि या कलेचा सगळा जीव शेवट लांबवण्यात आहे. 'टीज'ला मराठीत 'हुलकावणी' हा नेमका शब्द आहे. सॅली रँडने १९३३ च्या शिकागो जागतिक प्रदर्शनात केलेला पंखानृत्याचा प्रयोग म्हणजे दोन मोठ्या पंख्यांनी दिलेली सलग हुलकावणीच.

प्रतिसाद २

'पाश्चात्त्य तमाशा' चालणार नाही का? सोंगाड्या आहे, चालू घडामोडींवर टोमणे आहेत, नाच आहे. वाचकाला पटकन कळेल.

प्रतिसाद ३

साम्य खरे आहे. अमेरिकन बर्लेस्कमधल्या मुख्य विनोदवीराला 'टॉप बनाना' म्हणत. त्याचे काम आपल्या सोंगाड्याच्या कामाजवळ येते, आणि हे तळटीपेत जरूर सांगा. पण प्रतिशब्द म्हणून 'तमाशा' नको. लावणीतला शृंगार शब्दांत, अदाकारीत आणि घुंगरांत असतो. नऊवारी आणि दागिने शेवटपर्यंत अंगावरच राहतात. बर्लेस्कमध्ये कपडा उतरवणे हीच कृती आहे. शिवाय तमाशाला गण, गवळण, बतावणी, वग असा स्वतःचा बांध आहे आणि तो जगवणाऱ्या समाजांचा इतिहास आहे. दुसऱ्या देशातल्या कलेची ओळख करून देताना तो झाकला जाऊ नये.

प्रतिसाद ४ (शिवणकामाच्या बाजूने)

वेशभूषेच्या शब्दांत गफलत झाली तर वाचक चुकीची वस्तू विकत घेतो किंवा चुकीची शिवतो, म्हणून थोडे सविस्तर.

कॉर्सेट म्हणजे चोळी नव्हे. चोळी छातीला बसते, कॉर्सेट कमरेवर काम करते. पाठीमागे दोरी, पुढे पोलादी बस्क (खटके असलेली, उघडझाप होणारी पट्ट्यांची जोडी) आणि मध्ये उभ्या पोलादी पट्ट्या असतील तरच कॉर्सेट म्हणा. बस्टिए छाती उचलून धरते आणि साधारण कमरेपाशी संपते. बास्क कमरेखाली नितंबांपर्यंत जाते, बहुधा हुकांची असते आणि तिला मोजे धरणाऱ्या पट्ट्या असतात. गर्डल हे कंबर आणि नितंब आवळणारे, विसाव्या शतकातले इलास्टिकचे वस्त्र आहे. फक्त कमरेपुरत्या आखूड कॉर्सेटला वास्पी म्हणतात. गांधीलमाशीसारखी कंबर, म्हणून हे नाव. ही पाचही नावे मराठीत तशीच ठेवा आणि पहिल्या उल्लेखाला एकेका वाक्यात फरक सांगा.

'बोन' म्हणजे कॉर्सेटमधली उभी पट्टी; त्याचे भाषांतर 'हाड' करू नका. मूळ वस्तूही हाड नव्हती. काही जातींच्या देवमाशांच्या तोंडात अन्न गाळणाऱ्या शिंगासारख्या लवचीक पट्ट्या असतात, त्या वापरत. आता पोलाद वापरतात, म्हणून 'पट्टी' पुरे. सपाट पट्टी एकाच दिशेने वाकते. ती पाठीला, दोरीच्या भोकांच्या दोन्ही बाजूंना घालतात. स्पायरल (गुंडाळलेल्या तारेची) पट्टी दोन्ही दिशांना वाकते, म्हणून ती बाजूच्या वळणांवर. हे उलटे झाले तर बाजूची पट्टी बरगडीत रुतते आणि पाठीची भोके दोरी ओढताच वेडीवाकडी होतात.

कापड कूटिल नावाचे असते : दाट विणीचे, मासळीच्या काट्यासारखी नक्षी असलेले सुती कापड. ते न मिळाल्यास घट्ट विणीचे सुती ड्रिल दुहेरी घ्यावे. साधे पॉपलीन घेतले तर दोन-चार वेळा घालताच कंबर सैल पडते. आतून कमरेच्या रेषेवर २ ते २.५ सें.मी. रुंदीची न ताणणारी फीत आडवी घालावी, खरा ताण तीच घेते. पाठीची भोके साधारण २.५ सें.मी. अंतरावर घ्यावीत. भोक कातरीने कापू नये, आरीने धागे बाजूला सारून पाडावे आणि मागे वॉशर असलेली दोन भागांची रिंगच बसवावी. एकाच भागाची रिंग कापड फाडून निघते.

घातल्यावर पाठीमागे सुमारे ५ सें.मी. फट राहावी आणि ती वरपासून खालपर्यंत समांतर असावी. 'व्ही'सारखी दिसली तर बरगड्या किंवा नितंब यांपैकी एका ठिकाणचे माप चुकले आहे. दोरी आवळून ते सुधारत नाही. रंगमंचासाठी आणखी एक गोष्ट : दोरी सैल केल्याशिवाय बस्क उघडायला गेल्यास तो वाकतो आणि ऐन वेळी अडकतो. पाठीची दोरी आधी जरा ढिली करण्याची हालचाल नाचातच बसवतात.

प्रतिसाद ५

पेटीकोटला सरसकट 'परकर' लिहू नका. साडीखालचा परकर अंगालगत राहून निऱ्यांना आधार देतो. १९५० च्या धर्तीचा पेटीकोट स्कर्ट फुगवतो. 'जाळीचा झालरी परकर' म्हटले तर चित्र डोळ्यांपुढे येते. तीन थरांचा असेल तर पट्टा १ मीटर घेराचा आणि खालचे थर २, ४ आणि ८ मीटरचे. नायलॉनच्या जाळीत चुण्या घालताना साधा दोरा तुटतोच. मजबूत सुतळीवर झिगझॅग टीप मारून ती सुतळी ओढावी. लांबी स्कर्टपेक्षा ३ ते ५ सें.मी. कमी ठेवावी.

वरच्या पूर्ण गोल स्कर्टला आपल्याकडचे शिंपी 'अंब्रेला' म्हणतात, तेच लिहा. कमरेचे माप भागिले ६.२८ म्हणजे आतल्या वर्तुळाची त्रिज्या, ७० सें.मी. कमरेला ११.१ सें.मी. खालचा काठ दुमडायच्या आधी स्कर्ट एक दिवस टांगून ठेवणे आवश्यक, नाहीतर तिरक्या धाग्यावरचा भाग नंतर लोंबतो आणि काठ खालीवर होतो.

प्रश्नकर्ती

खूप उपयोग झाला. सीम्ड स्टॉकिंगला 'शिवणीचे पायमोजे' लिहिले आहे. आणि व्हिंटेज?

प्रतिसाद ६

'शिवणीचे' एवढ्याने भागत नाही, कारण दोन वेगळ्या वस्तूंना हे नाव लागू होते. फुली फॅशन्ड मोजा सपाट विणतात, घोट्याकडे टाके कमी करत नेतात आणि मग मागून शिवतात. त्याची शिवण खरी असते. वरच्या दुहेरी पट्टीत शिवणीपाशी एक छोटे भोक राहते, ती ओळखीची खूण. दुसरा प्रकार गोल विणून नंतर मागे नुसती रेघ मारतो. पहिल्याला 'घडीव शिवणीचा' आणि दुसऱ्याला 'नक्कल शिवणीचा' म्हणता येईल. घडीव मोजा शुद्ध नायलॉनचा असल्याने ताणत नाही. पाऊल आणि पायाची लांबी दोन्ही मोजूनच घ्यावा लागतो. आखूड घेतला तर बसताना गुडघ्याला फाटतो. डेनिअर म्हणजे ९,००० मीटर धाग्याचे ग्रॅममधले वजन, हे एकदा लिहून टाका. १५ डेनिअर पारदर्शक दिसतो.

'व्हिंटेज' मुळात द्राक्षांच्या तोडणीचा शब्द. 'जुनाट' हिणकस होतो, 'पुरातन' फार मागे जातो. व्यवहारात २० ते १०० वर्षांच्या वस्तूला व्हिंटेज आणि त्यापुढच्या वस्तूला अँटिक म्हणतात. आज नव्याने शिवलेला जुन्या पद्धतीचा कपडा व्हिंटेज नव्हे. त्याला 'जुन्या वळणाचा' म्हणा, किंवा सरळ 'डिओरच्या १९४७ च्या न्यू लूकच्या धर्तीचा' (डिओर हे फ्रेंच फॅशन डिझायनर; न्यू लूक म्हणजे त्यांची बारीक कंबर आणि घेरदार स्कर्टची धाटणी). हा भेद पाळाच, कारण अस्सल जुन्या कपड्यातले इलास्टिक कधीच न वापरलेले असले तरी सुकून मेलेले असते आणि पहिल्या ताणाला सुटते.

प्रतिसाद ७

एक गोष्ट राहिली. १९४० मध्ये एका स्ट्रिपटीज कलावतीने आपल्या कामासाठी प्रतिष्ठित शब्द मागितला, तेव्हा एच. एल. मेंकेन या अमेरिकन लेखकाने 'एक्डिझिआस्ट' हा शब्द घडवला. तो ग्रीक 'एक्डिसिस' म्हणजे कात टाकणे यावरून. आता संस्कृत 'कंचुक' पाहा : चोळी, चिलखत आणि सापाची कात, तिन्ही अर्थ एकाच शब्दात. त्यामुळे 'एक्डिझिआस्ट' हा शब्द मराठी वाचकाला 'कात टाकणारी' असा सहज समजावता येतो. मात्र कॉर्सेटला 'कंचुकी' म्हणण्याचा मोह टाळा. मराठीत ती चोळीच, शिवाय संस्कृत नाटकांतला अंतःपुराचा म्हातारा सेवकही कंचुकीच.

प्रश्नकर्ती

शेवटचे. '१६-बटन हातमोजे' असे आहे, पण चित्रात सोळा बटने दिसत नाहीत.

प्रतिसाद ४ लिहिणारी

बटन हे इथे लांबीचे माप आहे. अंगठ्याच्या मुळापासून वर मोजलेला एक जुना फ्रेंच इंच, म्हणजे सुमारे २.७ सें.मी. सोळा बटने म्हणजे साधारण ४३ सें.मी., कोपराच्या बऱ्याच वर. 'सोळा बटन लांबीचे' असे लिहा. उतरवण्याची कृती अनुवादताना क्रम जपा : आधी पाचही बोटांची टोके एकेक करून सैल करायची, मग वरचा काठ मनगटापर्यंत खाली आणायचा आणि शेवटी मधल्या बोटाचे टोक धरून ओढायचे. बोटे सैल न करता काठापासून ओढले तर घामाने चिकटलेले सॅटिन उलटे होते आणि हातमोजा पंज्यावर अडकून बसतो.