'डू नॉट डिस्टर्ब' आणि उपलब्धतेचे स्टेटस यांचा मेळ कसा घालावा?

प्रश्न

माझे काम लेखन-संपादनाचे आहे आणि दिवसातून दोनदा तरी दीड-दोन तासांची सलग एकाग्रता लाभल्याशिवाय ते नीट होत नाही. फोन अँड्रॉइड, कामाचा लॅपटॉप विंडोज ११ आणि वाचनासाठी आयपॅड अशी तीन साधने माझ्याजवळ असतात. कार्यालयीन संवाद मायक्रोसॉफ्ट टीम्सवर चालतो आणि घरचा बहुतेक संवाद व्हॉट्सअ‍ॅपवर. फोन 'डू नॉट डिस्टर्ब'वर ठेवला तरी टीम्सवर माझ्या नावापुढे हिरवा ठिपका दिसत राहतो, त्यामुळे उत्तर न मिळाल्यास सहकाऱ्यांना मी मुद्दाम टाळते आहे असे वाटते. दुसरी आणि खरी काळजी वेगळी आहे. माझे आईवडील वृद्ध आहेत, ते माझ्यापासून दूर राहतात आणि त्यांचा, किंवा त्यांच्या वतीने एखाद्या अनोळखी क्रमांकावरून आलेला, तातडीचा कॉल कोणत्याही वेळी माझ्यापर्यंत पोहोचायलाच हवा. या काळजीपोटी मी बहुधा फोन पूर्ण शांत करतच नाही. शांतता आणि संपर्क दोन्ही सांभाळणारी मांडणी कशी करावी? व्हॉट्सअ‍ॅपवरील 'लास्ट सीन' लपवल्याने काही साधेल का?

प्रतिसाद १

सुरुवात काळजीपासूनच करावी, कारण अपवाद पक्के झाल्याशिवाय कोणीही निश्चिंत मनाने फोन शांत ठेवू शकत नाही. अँड्रॉइडच्या 'डू नॉट डिस्टर्ब'मध्ये (मराठी सेटिंगमध्ये 'व्यत्यय आणू नका') कॉल कोणाचे येऊ द्यायचे हे ठरवता येते. आईवडील, शेजारी, त्यांचे डॉक्टर अशा मोजक्या लोकांना संपर्कयादीत तारांकित करून फक्त तारांकित संपर्कांना परवानगी द्यावी. ही यादी लहान ठेवण्यातच तिची किंमत आहे, कारण संकोचापोटी वीस जणांना तारा दिला की ती पूर्वीचीच अवस्था होते.

अनोळखी क्रमांकासाठी वारंवार कॉल करणाऱ्यांना परवानगी देणारा पर्याय चालू ठेवावा. अँड्रॉइडमध्ये एकाच क्रमांकावरून १५ मिनिटांच्या आत दुसरा कॉल आला तर तो वाजतो, मग तो क्रमांक संपर्कयादीत नसला तरी चालते. आयफोनवर हीच सोय आहे, मात्र तिथे मुदत ३ मिनिटांची असते. "पहिला कॉल उचलला गेला नाही तर लगेच दुसरा करा" एवढे आईवडिलांना, आणि त्यांच्या शेजाऱ्यांनाही, सांगून ठेवावे. मला ही सोय सर्वांत मोलाची वाटते, कारण निकड असलेला माणूस स्वभावतःच पुन्हा फोन लावतो आणि यंत्रणेने त्याच स्वभावाचा आधार घेतला आहे.

गजराची परवानगीही तपासून घ्यावी. आयफोनवर 'डू नॉट डिस्टर्ब' असतानाही घड्याळातला गजर वाजतो, पण अँड्रॉइडमध्ये गजराची परवानगी स्वतंत्र असून ती बंद करता येते, आणि ती बंद राहिली तर सकाळ चुकते.

केवळ आवाज बंद करून कंपन चालू ठेवण्याचा मध्यममार्ग मात्र मी सुचवणार नाही. अमेरिकेतील फ्लोरिडा स्टेट विद्यापीठातील संशोधकांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात असे दिसले होते की, फोनला हातही न लावता केवळ सूचना (नोटिफिकेशन) आल्याची जाणीव झाली, तरी अवधान लागणाऱ्या कामात चुका वाढतात. एकाग्रतेच्या वेळेत सूचना दिसूही नयेत आणि वाजूही नयेत, असाच पर्याय निवडावा.

प्रतिसाद २

वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे, परंतु हिरव्या ठिपक्याचा प्रश्न त्याने सुटत नाही, कारण 'डू नॉट डिस्टर्ब' हा आपल्या साधनाला दिलेला आदेश असतो आणि स्टेटस हे इतरांना दिलेले सांगणे असते. फोनला दिलेला आदेश टीम्सपर्यंत पोहोचेलच असे मानू नये. उपलब्धतेचे स्टेटस ही कल्पना स्मार्टफोनच्या आधीची आहे. १९९६ साली आलेल्या आयसीक्यू या इंटरनेटवरील संदेशसेवेने ती लोकप्रिय केली, आणि एक्सएमपीपी या खुल्या संदेशप्रणालीच्या २००४ सालच्या मानकात उपलब्धतेच्या चार ठरावीक खुणांपैकी एक 'डीएनडी' (म्हणजे 'डू नॉट डिस्टर्ब') हीच होती. समोरच्याने संदेश पाठवण्यापूर्वीच ती पाहावी आणि थांबायचे की नाही ते स्वतः ठरवावे, हा तिचा हेतू.

म्हणून टीम्समध्ये 'डू नॉट डिस्टर्ब' हे स्टेटस स्वतंत्रपणे निवडावे आणि ते किती वेळाने आपोआप बदलावे हेही तिथेच ठरवावे, म्हणजे काम संपल्यावर लाल खूण तशीच राहून सहकारी दिवसभर खोळंबणार नाहीत. ज्यांचे संदेश या काळातही यायला हवेत त्यांना प्राधान्याच्या यादीत घालता येते. त्यासोबत स्टेटस-संदेशात एक पूर्ण वाक्य लिहावे: "साडेबारापर्यंत संपादनात आहे, त्यानंतर उत्तर देईन, तातडीचे असल्यास फोन करावा." केवळ 'व्यग्र' म्हटल्याने समोरच्याला काहीच कळत नाही, तर परतण्याची वेळ कळली की बहुतेक लोक शांतपणे वाट पाहतात. 'अवे' (जागेवर नाही) या खुणेवर मात्र विसंबू नये, कारण संगणक काही वेळ वापरला गेला नाही किंवा लॉक झाला की टीम्स ती आपोआप लावते आणि त्यातून तुमचा हेतू कोणालाही समजत नाही.

२०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ३० जणांनी २४ तास सर्व सूचना बंद ठेवल्या होत्या. त्यांचे लक्ष कमी विचलित झाले, पण आपल्याकडून अपेक्षित असलेले उत्तर वेळेवर जात नसल्याची चिंताही अनेकांना वाटली. तुमच्या प्रश्नातली अस्वस्थता हीच आहे, आणि ती घालवण्याचे काम फोनच्या सेटिंगपेक्षा स्टेटस-संदेशातले वरील वाक्य अधिक चांगले करते.

'लास्ट सीन' लपवण्याचा इथे फारसा उपयोग नाही. ते लपवल्यास इतरांचेही तुम्हाला दिसत नाही, आणि आईवडील शेवटचे कधी ऑनलाइन होते हे पाहून तुम्हाला धीर मिळत असेल तर तोही जाईल. गटांचा त्रास असेल तर प्रत्येक गट ८ तास, १ आठवडा किंवा कायमचा म्यूट करणे अधिक योग्य.

प्रश्नकर्त्याचा उपप्रश्न

दोघांचेही मनःपूर्वक आभार. एक अडचण उरते. आई बहुतेक वेळा व्हॉट्सअ‍ॅपवरूनच कॉल करते. तारांकित संपर्काची परवानगी त्या कॉललाही लागू होते का? आणि फोन शांत केल्यावर आयपॅड व लॅपटॉपही शांत होतील का?

प्रतिसाद ३

अ‍ॅपमधून येणारे कॉल साध्या कॉलच्या नियमांनुसार आत येतीलच असे गृहीत धरू नये. 'डू नॉट डिस्टर्ब'च्या सेटिंगमध्ये विशिष्ट अ‍ॅपना परवानगी देता येते, पण संपूर्ण व्हॉट्सअ‍ॅपला ती दिल्यास कॉलबरोबर सगळे संदेशही आत येतील. २०१७ सालच्या अँड्रॉइड ८ पासून एकाच अ‍ॅपच्या सूचनांचे निरनिराळे प्रकार वेगळे हाताळता येतात, त्यामुळे अ‍ॅपच्या सूचना-सेटिंगमध्ये जाऊन केवळ कॉलच्या प्रकाराला परवानगी देता येते का ते पाहावे आणि कोणाला तरी कॉल करायला सांगून खात्री करून घ्यावी. तरीही तातडीच्या प्रसंगी साधा फोनच करायचा, असे आईशी ठरवून ठेवणे सर्वांत भरवशाचे, कारण त्याला इंटरनेटही लागत नाही. आईच्या फोनवर पहिल्याच पडद्यावर तुमच्या क्रमांकाचा थेट कॉल लागणारा शॉर्टकट ठेवून द्यावा.

तीन साधनांबाबत उत्तर नकारार्थी आहे. अ‍ॅपलचे 'फोकस' (सूचना शांत ठेवण्याची तिथली सोय) एकाच खात्यावरील अ‍ॅपलच्या इतर साधनांपर्यंत पोहोचते, पण तुमचा अँड्रॉइड फोन आणि विंडोजचा लॅपटॉप त्या वर्तुळाच्या बाहेर आहेत. तिन्हींवर त्याच तासांचे वेळापत्रक स्वतंत्रपणे लावावे. विंडोज ११ मध्ये ते 'सिस्टिम'मधील सूचनांच्या पानावर ठरावीक वेळेसाठी लावता येते. आयपॅड वाचनापुरताच वापरत असाल, तर त्यावरील टीम्सच्या सूचना कायमच्या बंद कराव्यात, म्हणजे सांभाळायची साधने दोनच उरतील.