मदत हवी आहे: तीन खोल्यांत आयआर (इन्फ्रारेड) रिमोट, एकेक खोली चालते, तिन्ही जोडल्या की सगळं बंद

पॅचकॉर्ड:
सेट टॉप बॉक्स आणि ॲम्प्लिफायर हॉलमधल्या बंद कपाटात आहेत. दोन बेडरूम आणि स्वयंपाकघरातून रिमोट चालावा म्हणून प्रत्येक खोलीत टीएसएमपी५८००० आयआर रिसीव्हर बसवला आहे, सोबत १२ चे ५ व्होल्ट करणारा ७८एल०५. कपाटापासून अंतरं ८, १४ आणि २२ मीटर. केबल कॅट५ई: नारिंगीवर १२ व्होल्ट, नारिंगी-पांढऱ्यावर सिग्नल, निळ्यावर ग्राउंड. कपाटात तिन्ही सिग्नल एकत्र करून १० किलोओमने ५ व्होल्टला ओढले आहेत, पुढे ७४एचसी१४ (सिग्नल उलटा करणाऱ्या गेटची चिप), बीसी३३७ ट्रान्झिस्टर आणि ४७० ओममधून उपकरणांवर चिकटवायचे एमिटर (आयआर एलईडी). ॲडॉप्टर १२ व्होल्ट ५०० मिलिॲम्प.

कुठलीही एकच खोली जोडली तर चालते, २२ मीटरवाली जरा अडखळत. तिन्ही जोडल्या की एकही चालत नाही. ॲडॉप्टर कमी पडतोय का?

गंगाधर_पंप:
एक एक चालतं आणि तिन्ही मिळून नाही म्हणजे लोड वाढल्यावर व्होल्टेज बसतंय. २ ॲम्पचा लावून बघा. केबल नक्की तांब्याची आहे ना? कॉपर कोटेड ॲल्युमिनियमवर जास्त ड्रॉप येतो.

पॅचकॉर्ड:
केबल तांब्याचीच आहे. तिन्ही जोडून मोजलं: कपाटात ११.९, लांबच्या खोलीत ११.८.

फेराइट:
या रीडिंगनंतर ॲडॉप्टरचा विषय संपला. हिशोबही तेच सांगतो. २४ गेजच्या तारेला मीटरमागे साधारण ०.०८४ ओम. २२ मीटर जाऊन परत येईपर्यंत ३.७ ओम. रिसीव्हर त्याच्या दिव्यासकट १० मिलिॲम्प घेत असेल, म्हणजे ड्रॉप ०.०४ व्होल्ट. एमिटरच्या एका ओळीला ४७० ओममधून २० ते २२ मिलिॲम्प. सगळं मिळून ५०० च्या जवळपासही जात नाही.

अडचण सिग्नलच्या तारेत आहे. टीएसएमपी हा कोड शिकणारा रिसीव्हर, तो ३८ किलोहर्ट्झचा कॅरियर (रिमोटचा कोड ज्या जलद उघडझापीवर स्वार असतो ती) जसाच्या तसा बाहेर सोडतो. खाली खेचताना आतला ट्रान्झिस्टर झटकन खेचतो, पण वर नेण्याचं काम एकट्या १० किलोओमचं. कॅट५ईच्या एका जोडीत मीटरमागे सुमारे ५० पिकोफॅरड असतात. तिन्ही केबल समांतर जोडल्या की ४४ मीटर, म्हणजे २२०० पिकोफॅरड. गुणिले १० किलोओम, झाले २२ मायक्रोसेकंद. ३८ किलोहर्ट्झचं अख्खं आवर्तन २६ चं आणि अर्धं १३ चं. लाइन एचसी१४ च्या वरच्या पातळीला पोचायच्या आतच पुढची खेच बसते, आणि एमिटर ठिपक्यांऐवजी सलग पेटून राहतो. सेट टॉप बॉक्सला तो सिग्नल वाटतच नाही. एकट्या २२ मीटरला हेच ११ मायक्रोसेकंद होतात, म्हणून ती खोली अडखळत का होईना चालते.

त्यात सिग्नल १२ व्होल्टच्या जोडीत पिळला गेला आहे. स्वस्त ॲडॉप्टरची स्विचिंगची कुरकुर थेट त्यात उतरते. निळ्यावर सिग्नल आणि निळ्या-पांढऱ्यावर ग्राउंड घ्या, नारिंगीवर १२ व्होल्ट आणि नारिंगी-पांढऱ्यावर ग्राउंड. हिरवी आणि तपकिरी जोडी राखून ठेवा.

पॅचकॉर्ड:
मग पुलअप (लाइन ५ व्होल्टला ओढणारा रेझिस्टर) १० ऐवजी १ किलोओमचा लावू का?

फेराइट:
नुसता नको. ५ मिलिॲम्प खाली खेचणं त्या रिसीव्हरच्या आवाक्याबाहेरचं. खोलीत बीसी५५७ ट्रान्झिस्टर घाला: त्याचा बेस रिसीव्हरच्या आउटला, त्याचा एमिटर पाय लाइनला, कलेक्टर ग्राउंडला. मग कपाटातला १ किलोओम चालेल. लाइन शून्यावर न येता ०.८ ते ०.९ व्होल्टपर्यंतच येईल, एचसी१४ ला साधारणपणे पुरते.

पण माझं मत विचाराल तर टीएसएमपी काढाच. बाहेरच्या प्रकाशाची गडबड गाळणारं त्यात काही नाही, एखादा एलईडी दिवा लागला की बडबडत बसतो. त्याजागी टीएसओपी३८२३८ लावा. तो कॅरियर काढून फक्त कोड पाठवतो. एनईसी या रिमोटच्या प्रचलित कोडपद्धतीतला सगळ्यात छोटा तुकडा ५६० मायक्रोसेकंदांचा असतो, त्यापुढे २२ म्हणजे काहीच नाही. कॅरियर कपाटात ७५५५ टायमर चिपने पुन्हा तयार करायचा: १ नॅनोफॅरड, १.५ आणि १८ किलोओम, ३८.४ किलोहर्ट्झ मिळतात. एचसी१४ चं आउटपुट ७५५५ च्या ४ नंबर पिनला, ७५५५ चं आउटपुट १ किलोओममधून बीसी३३७ च्या बेसला. ३६ किंवा ४० किलोहर्ट्झची उपकरणंही चालतात, कारण एमिटर उपकरणाच्या काचेला चिकटलेला असतो. ५६ वाल्याची मात्र खात्री नाही.

टीएसओपी१७३८ मिळाला तर पिना तपासूनच जोडा. ३८२३८ मध्ये आउट, ग्राउंड, सप्लाय असा क्रम आहे. १७३८ मध्ये ग्राउंड, सप्लाय, आउट. कुठलाही लावा, पायांपाशी १०० ओम आणि १० मायक्रोफॅरड हवेतच.

गंगाधर_पंप:
पटलं. केबल २३० व्होल्टच्या पाइपमधून ओढलेली नाही ना? टीव्हीच्या पाइपमधून न्या.

पॅचकॉर्ड:
टीव्हीच्याच पाइपमधून आहे. आणखी एक: बेडरूमसाठी त्याच मॉडेलचा दुसरा सेट टॉप बॉक्स येणार आहे. तोही याच कपाटात राहील.

फेराइट:
मग त्या बेडरूमचा सिग्नल बाकीच्यांत मिसळू नका, नाहीतर एक बटण दाबलं की दोन्ही बॉक्सचे चॅनल बदलतील. एचसी१४ मध्ये सहा गेट आहेत, दुसरा वापरा आणि ७५५५ ऐवजी दुहेरी ७५५६ घ्या. त्या बॉक्सला वेगळा बीसी३३७, वेगळा एमिटर. बंद कपाटात आयआर भिंतींवरून उसळून शेजारच्या बॉक्सपर्यंत पोचतो, तेव्हा दोन्ही एमिटरवर ॲल्युमिनियम फॉइलची टोपी करा. नुसत्या काळ्या प्लास्टिकवर विसंबू नका, डोळ्याला काळं दिसणारं बरंचसं प्लास्टिक आयआर आरपार सोडतं. फॉइल एमिटरच्या उघड्या पायांना लागू देऊ नका, मध्ये एक थर इन्सुलेशन टेप द्या.