चर्चा: रात्रपाळीत मध्यरात्री जेवावं का?

रातराणी_सिस्टर: मी परिचारिका आहे. काय खावं यावर रोज सल्ले मिळतात, कधी खावं यावर कोणी बोलत नाही. २०१४ मध्ये इस्रायलच्या वाइझमन संस्थेतल्या संशोधकांना दिसलं की उंदरांच्या आतड्यातल्या अनेक जिवाणूंचं प्रमाण दिवसभरात ठरावीक लयीत वरखाली होतं. शरीराचं घड्याळ जनुकबदलाने बिघडवलेल्या उंदरांमध्ये ही लय गेली, आणि ठरलेल्या वेळीच खायला दिल्यावर परत आली. मग रात्री दोनला आम्हाला जेवणाची सुट्टी का? ती पाळी सुरू होतानाच द्यावी, असं माझं ठाम मत आहे.

भाकरी_उसळ: ताई, तळमळ पटते, निष्कर्ष नाही. उंदीर मुळात निशाचर. त्या अभ्यासात लांबच्या विमानप्रवासाने शरीराचं घड्याळ बिघडलेली (म्हणजे जेट लॅग झालेली) माणसंही तपासली, पण ती दोनच! जिवाणूंना लागतात तंतू. ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, पालेभाजी यातले तंतू आंबवून ते ब्युटिरेट नावाचं मेदाम्ल बनवतात, आणि मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशी मुख्यतः त्यावर जगतात. पाळी सुरू होतानाच मैद्याची खारी खाऊन काय साधणार?

रातराणी_सिस्टर: माणसं दोनच, मान्य. पण जेट लॅगमधल्या त्यांच्या विष्ठेतले जिवाणू जंतुमुक्त उंदरांत सोडले, तेव्हा उंदरांचं वजन आणि रक्तातली साखर वाढली. प्रवासाआधीच्या किंवा दोन आठवड्यांनंतरच्या नमुन्यांनी तसं झालं नाही. हे दुर्लक्ष करण्यासारखं नाही. शिवाय त्याच वर्षी सॅन दिएगोच्या गटाने दाखवलं की चरबीयुक्त खाण्याने मोडलेली लय, तेच खाणं ठरावीक तासांपुरतं मर्यादित केल्यावर काही प्रमाणात सावरते.

भाकरी_उसळ: म्हणजे लय मोडली ती चरबीनेच, आणि वेळ पाळूनही ती पूर्ण सावरली नाही. माझं म्हणणं तेच आहे. आधी कँटीनमधले वडे बंद करा, घड्याळाचं नंतर बघू.

पाळी_तिसरी: माणसांवरचा पुरावा हवा असेल तर बोस्टनचा २०२१ चा प्रयोग बघा. १९ निरोगी लोकांकडून प्रयोगशाळेत रात्रपाळीसारखी दिनचर्या पाळून घेतली. रात्री जेवणाऱ्यांची साखर वाढली, फक्त दिवसा जेवणाऱ्यांची नाही. तिथे मोजली साखर, जिवाणू नव्हेत, तरी वेळेला महत्त्व आहे हे मला त्यातून पटतं. मात्र आम्ही कारखान्यात पहाटे चारला यंत्रावर उभे असतो. उपाशीपोटी चक्कर आली तर बोटं जातील. ताई, तुमच्या मागणीत पहाटेच्या हलक्या खाण्याची सोय नसेल तर माझा विरोध.

रातराणी_सिस्टर: ताक आणि मूठभर फुटाणे चालतील, ते मागणीत घालते. भरपेट जेवण मात्र रात्री नऊच्या आतच हवं. इन्सुलिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवणाची वेळ हलवू नये, हेही लिहिते.

भाकरी_उसळ: फुटाण्यांना माझा पाठिंबा. नऊच्या अटीला अजूनही नाही.