भाकर सुरू केली, मग काय झालं? नागपूरकरांनो, खरं खरं लिहा

आपल्याकडे कोणाची साखर वाढली की पहिला सल्ला ठरलेला: पोळी सोड, भाकर धर. बीपी वाढलं, लसूण चाव. गुडघे दुखले, डिंकाचे लाडू. सल्ला देणाऱ्यानं स्वतः ते किती दिवस केलं आणि त्याचं काय झालं, हे मात्र कोणी सांगत नाही. म्हणून हा धागा. काय खाल्लं, किती खाल्लं, सोबत आणखी काय बदललं, एवढं लिहा. फसलेले प्रयोग तर आधी लिहा. 'आपल्या पूर्वजांना सगळं ठाऊक होतं' छाप फॉरवर्ड कृपया इथे नकोत, ते सगळ्यांच्या फोनवर आधीच आहेत.

माझ्यापासून सुरू करतो. वय ५२, नोकरी बसून. पंधरा वर्षं ऑफिसला जाताना तर्री-पोहे, वरून अर्धी वाटी तर्री मागून. दोन वर्षांपूर्वी एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर, ७.६ निघालं. तेव्हापासून नाश्त्याला ज्वारीच्या कण्या अन् ताक, संध्याकाळी फुटाळा तलावावर पाऊण तास चालणं आणि डॉक्टरांनी दिलेली गोळी. सहा महिन्यांनी आकडा ६.७. बायको म्हणते कण्यांनी, डॉक्टर म्हणतात गोळीनं, मी म्हणतो तर्री सुटल्यानं. तिन्ही एकदमच सुरू केल्यामुळे आता कोणाला खोटं पाडता येत नाही. कण्या खाल्ल्या की दुपारी एकपर्यंत भूक लागत नाही, एवढं मात्र मी छातीवर हात ठेवून सांगू शकतो. आता तुम्ही.

महाल, वय ६१

आमच्याकडे भाकर आली ती यांच्या साखरेमुळे. पहिल्या महिन्यात रात्री चार-चार भाकरी, वर तूप, सोबत झुणका. म्हणे भाकरीनं साखर वाढत नाही. वाढली की! आहारतज्ज्ञ बाईंनी विचारलं, "काका, पोळ्या किती खायचे?" हे म्हणाले, "दोन." त्या बिचाऱ्या पुढे काही बोलल्याच नाहीत.

पण त्यांनी एक गोष्ट सांगितली ती लक्षात ठेवण्यासारखी आहे. १०० ग्रॅम ज्वारीत तंतू साधारण १० ग्रॅम. गव्हाच्या न चाळलेल्या कणकेतही जवळपास तेवढेच असतात. आमच्या घरी कणीक बारीक चाळणीनं चाळून कोंडा गाईला जात होता. म्हणजे इतकी वर्षं आमच्या घरात सगळ्यात चांगलं पोट गाईचं साफ होत होतं. आता चाळणी अडगळीत. रात्री दीड भाकर, वरण, अंबाडीची भाजी. यांची साखर थोडी उतरली. माझी बद्धकोष्ठता मात्र पूर्ण गेली, आणि मी काही कोणाला दाखवायला भाकर खात नव्हते.

प्रतापनगर, वय ३४

जवसाबद्दल छोटंसं. कुठेतरी वाचून मी रोज सकाळी दोन चमचे अख्खं जवस दह्यात घालून गिळत होते. महिनाभर. अख्खं जवस नीट चावलं गेलं नाही तर जसं जातं तसंच बाहेर येतं, हे नंतर कळलं. ओमेगा-३ मिळायचं तर दाणा फुटला पाहिजे. आजी भाजून, खलबत्त्यात कुटून चटणी करायची. तिला ओमेगा माहीत नव्हतं, पण अख्खं जवस खायचं असतं हे तिच्या स्वप्नातही आलं नसतं. एक सांगते, आठवड्यापुरतीच कुटा, नंतर खवट वास मारतो. आणि मीठ बेतानं. चटणी चांगली म्हणून वाटीभर खाल्ली तर मीठही वाटीभर जातं.

नंदनवन, सेवानिवृत्त, वय ६८

माझा अनुभव जरा वेगळा आहे आणि कदाचित एखाद्याच्या उपयोगी पडेल, म्हणून सविस्तर लिहितो.

सहा वर्षांपूर्वी माझी हृदयाची झडप बदलली. धातूची झडप बसवली की रक्त पातळ ठेवणारी वॉरफरिनची गोळी जन्मभर घ्यावी लागते आणि रक्त किती पातळ आहे ते दाखवणारी आयएनआर नावाची तपासणी वेळोवेळी करावी लागते. माझा आकडा २.५ ते ३.५ च्या मध्ये असावा असं सांगितलं होतं. दोन वर्षं सुरळीत चाललं. मग पावसाळ्यात गावाकडून भाऊ आला, सोबत पिशवीभर कोवळा तरोटा. तो संपला तोवर गोकुळपेठ बाजारात अंबाडी दिसली, मग पालक, मग चवळीचा पाला. मला वाटलं, आयुष्यभर पालेभाजीकडे दुर्लक्ष केलं, आता तरी खावी. तीन आठवडे दोन्ही वेळ ताटात हिरवं. आयएनआर १.६.

डॉक्टर रागावले नाहीत, पण खुर्चीत सरळ होऊन बसले, त्यावरून मी समजलो. पालेभाज्यांत के जीवनसत्त्व भरपूर असतं आणि ही गोळी नेमकं त्याच्याच विरुद्ध काम करते. रक्त घट्ट झालं की झडपेवर गुठळी धरण्याची भीती. मी विचारलं, "मग पालेभाजी बंद?" ते म्हणाले, "बंद कशाला? रोज साधारण तेवढीच खा. एका आठवड्यात ढीग आणि दुसऱ्या आठवड्यात काहीच नाही, असं करू नका."

तेव्हापासून आमच्या घरी पालेभाजीची एक ठरलेली वाटी आहे. पाहुण्यांसमोर बायको ती वाटी मोजते तेव्हा लोकांना वाटतं आम्ही कंजूष झालो. पण 'घरचं, गावरान, त्यामुळे कितीही चालतं' हे वाक्य माझ्यापुरतं तरी खोटं ठरलं.

सीताबर्डी ते वर्धमाननगर, ऑटोवाला

लिहाची सवय नाई, सांभाळून घ्या. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जाते तवा दुपारी रस्त्यावर कुत्रं बी दिसत नाई. माय म्हणे खिशात कांदा ठेव, ऊन लागत नाई. बारा वर्सं ठेवला. तेराव्या वर्सी नवतप्यात, म्हंजे मे सरता सरता नऊ दिवस कडक ऊन राह्यते त्यात, कांदा खिशात असूनच चक्कर आली अन् पडलो. सलाईन लागली. नर्सबाईनं खिशातून कांदा काढला अन् बाजूच्या बाईले दाखवून हसली.

आता कांदा पोटात. भाकर, कांदा, ठेचा. बाटलीत ताक, मीठ-जिरं टाकून. पाणी अलग. घरी गेलो का बायको उकडलेल्या कैरीचं पन्हं देते. घामानं पाणी जाते तसं मीठ बी जाते, ते भरून काढा लागते, असं डाक्टर म्हणे. पहिले दिवसाले तीन-चार थंड्या बाटल्या पेत होतो, ते पैसे वाचले. पण खरं सांगू का, सगळ्यात जास्त फायदा झाला तो दुपारी १ ते ४ झाडाखाली ऑटो लावल्याचा. ताक प्या, पण उन्हात फिरून ताकाच्या भरोशावर नका राहू.

(यांचा अनुभव मी घरी मोठ्यानं वाचून दाखवला. आमच्या आईनं खिशातला नाही, पण पर्समधला कांदा मुकाट्यानं काढला. — धागाकर्ता)

उत्तर नागपूर, वय ३८

माझी मुलगी आठ वर्षांची होती तेव्हा तिचं हिमोग्लोबिन ८ च्या वर जातच नव्हतं. बीट, खजूर, गूळ-फल्लीदाणे, अळिवाचे लाडू, लोखंडी कढईत पालक, वर लिंबू पिळून. जो येईल तो एक नवीन पदार्थ सांगून जायचा आणि मी करत गेले. लोहाचं औषधही दुकानातून स्वतःच आणून दिलं. हात-पाय दुखतात म्हणून ती रडायची, तर लोक म्हणत वाढीचं दुखणं आहे. डोळे थोडे पिवळे वाटायचे.

शेवटी एका डॉक्टरांनी सिकलसेलची तपासणी लिहून दिली. निघालं. आम्ही दोघंही वाहक, दोघांनाही कल्पना नव्हती. विदर्भात हा आजार बराच आढळतो आणि लग्नाआधी एवढी एक तपासणी केली असती तर... असो. यात रक्तपेशींचा आकार विळ्यासारखा होतो आणि त्या लवकर तुटतात, म्हणून रक्त कमी. तिच्यात लोह कमी नव्हतंच! मी वर्षभर चुकीच्या कुलपाला किल्ली लावत होते. अशा मुलांना वरचेवर रक्त चढवावं लागलं तर अंगात लोह उलट जास्त साठतं, त्यामुळे तपासल्याशिवाय लोहाचं औषध देऊ नका, असं डॉक्टरांनी मला दोनदा सांगितलं.

आता फॉलिक ॲसिड, डॉक्टरांची औषधं आणि भरपूर पाणी. ताटात वरण-भात, भाजी, अंडं, जे आम्ही खातो तेच. अळिवाचे लाडू तिला आवडायचे म्हणून दिवाळीत चार करते, औषध म्हणून नाही. कोणाचं मूल सारखं फिकट दिसत असेल तर लाडवाच्या आधी तपासणी करा, एवढंच सांगायला लिहिलं.

भंडाऱ्याचा, आता मुक्काम मानेवाडा

कोणीच लाखोळीचं, म्हणजे लाखेच्या डाळीचं, नाव काढलं नाही म्हणून लिहितो. आमच्याकडे उभ्या धानाच्या बांधीतच लाखोळी फेकायची. धान कापलं की ती वर येते, वेगळी नांगरट नाही, वेगळं पाणी नाही. कोवळ्या शेंड्यांची भाजी, डाळीचे वडे, पिठाचा झुणका. गरीब घरातलं प्रथिन म्हणजे लाखोळी.

१९६१ मध्ये तिच्या विक्रीवर बंदी आली, कारण तिच्यात ओडॅप नावाचं द्रव्य असतं आणि महिनोन्महिने तेच मुख्य अन्न झालं तर पाय कायमचे लुळे पडू शकतात. दुष्काळात आणि मजुरीत लाखोळीच मिळणाऱ्या वेठबिगारांमध्ये तसं झालंय, ते नाकारण्यात अर्थ नाही. बंदी उठावी म्हणून आपल्या नागपूरच्या डॉ. शांतीलाल कोठारींनी वर्षानुवर्षं लढा दिला. पुढे महाराष्ट्रानं ती उठवली.

आमच्या घरात तीन पिढ्यांनी खाल्ली, कोणाचे पाय गेले नाहीत. पण आमच्या ताटात भातही होता, तूरही होती, भाजीही होती. आणि आजी डाळ रात्रभर भिजवून ते पाणी सांडून द्यायची. त्यानं ओडॅप बरंच कमी होतं, हे मला खूप नंतर समजलं. मी महिन्यातून दोनदा वडे खातो. 'रोज खा, सुपरफूड आहे' म्हणणाऱ्या पोरांना सांगतो, बापू, लोकांना अपंग केलं ते रोज खाण्यानंच.

इतवारी, वय २९

आमचं घर सावजी. बाहेर सावजी म्हणजे तेलाचा तवंग आणि घाम. घरी जेवण रोज तसं नसतं. मसाल्यात जवस, खसखस, रस्सा दाट करायला ज्वारीचं पीठ, सोबत भाकर. माग चालवणाऱ्यांचं जेवण आहे ते, दिवसभर पायानं माग मारणाऱ्यांचं. मी दिवसभर लॅपटॉपसमोर बसून तेच खाल्लं आणि आम्लपित्त घेऊन बसलो. यात मसाल्याचा दोष नाही.

लक्ष्मीनगर, वय ४५

शुद्ध शाकाहारी, दूध आवडत नाही, दही नाही, बाकी सगळं पारंपरिक: वरण, भाकर, उसळी, पालेभाज्या, लोणचं. आदर्श ताट! पायांना मुंग्या यायला लागल्या. बी१२ अगदी तळाला. इंजेक्शनं घेतली, महिनाभरात फरक पडला. आंबवलेल्या पदार्थांतून बी१२ मिळतं असं मी लोकांना सांगत फिरायचे, त्यावर विसंबू नका.

त्रिमूर्तीनगर, बँकेत नोकरी

धागा दोनदा वाचला. 'आम्ही भाकर सुरू केली', 'आमच्याकडे कण्या असतात', 'आता घरचंच खातो'. या वाक्यांतला कर्ता शोधून राहिले, सापडत नाही.

पोळ्यांना बाई मिळते. भाकरीला मिळत नाही, मिळाली तर दर वेगळा. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो, त्यामुळे आधी मळून ठेवा, लाटून ठेवा, असलं काही चालत नाही. एक थापायची, एक भाजायची, तोवर पहिली खाणारा पानावर बसलेला. घरात पाच माणसं. सकाळी ६.४० ला मी ओट्यापाशी, ७.५० ला गरम भाकर सगळ्यांच्या पोटात, आणि मी ८.१५ ला बसमध्ये बिस्किटं खाते. सासऱ्यांची साखर सुधारली, नवऱ्याचं वजन उतरलं, मुलाचं पोट साफ. माझं हिमोग्लोबिन ९.४. पारंपरिक आहाराचा हा पारंपरिक परिणामही नोंदवून ठेवा.

महालक्ष्म्यांच्या आंबिलीचं, सोळा भाज्यांचं, पुडाच्या वडीचं कौतुक मलाही आहे. आंबील मला स्वतःला फार आवडते. पण ती ढवळताना कोणी येऊन 'सरक, मी ढवळतो' म्हटल्याचं आठवत नाही.

धागाकर्ता

वरचं वाचून दोन दिवस काही लिहिलं नाही. कण्या 'माझ्या' नाश्त्याला असतात असं मी लिहिलंय. ज्वारी भरडून आणते बायको, भिजवते बायको, शिजवते बायको. काल रविवारी मी भाकर थापायला बसलो. पहिली तव्यावर टाकतानाच दोन तुकडे, दुसरीचा नकाशा, तिसरी हाताला चिकटून राहिली. पीठ ताजं होतं, कालच दळून आणलेलं. काय चुकत असेल?

महाल, वय ६१

पाणी कोमट घेतलं असेल. चांगलं उकळू द्या, पिठात ओता, आधी चमच्यानं कालवा, मग हात घाला. एका वेळी एकाच भाकरीचं पीठ मळा. आणि परातीत कोरडं पीठ पसरायला विसरले असाल, माणसं हमखास विसरतात.