मदत हवी आहे: सागवानी दिव्यातले एलईडी तपकिरी पडताहेत

पाडलेल्या वाड्याच्या सागवानी वाशाचा 4 फुटी लटकता दिवा केलाय. खालून 20 मिमी रुंद, 12 मिमी खोल खाच, त्यात अॅल्युमिनियम चॅनेल, दुधी कव्हर. पट्टी 24 व्होल्ट, मीटरला 10 वॅट. ड्रायव्हर (पट्टीला वीज पुरवणारा डबा) 20 वॅटचा. लाकडाला खाचेसकट अळशीच्या तेलाचे दोन हात.

आता मधल्या एलईडींवरचा पिवळा थर तपकिरी दिसतोय, उघड्या टोकांकडचे मात्र स्वच्छ आहेत. चॅनेल हाताला कोमटच लागतं, म्हणजे उष्णता नसावी. संशय तेलावर: वाळताना निघणारं बाष्प बंद खाचेत कोंडून एलईडीवरच्या त्या पिवळ्या थराच्या सिलिकोनमध्ये (रबरासारख्या पदार्थात) मुरतं.

खाचेतलं तेल तासून स्पिरिटमधला चपडा (लाखेचं पॉलिश) लावला तर बाष्प अडेल का? की कव्हरला भोकं पाडावीत? पावसाळ्यात किडे शिरतील ही धास्ती. इतकं सुरेख जुनं लाकूड, वाया जाऊ द्यायचं नाहीये.