गूगलने ऑफिस ब्राउझरमध्ये नेलं. डाव जिंकला का?

आडवाटेकर
२००६ मध्ये गूगलने ब्राउझरात लिहायचं राइटली बनवणारी छोटी कंपनी घेतली, त्या राइटलीचंच पुढे गूगल डॉक्स झालं. ब्राउझरमध्ये वर्ड चालवायचं म्हणजे तेव्हा पोरखेळ वाटायचा. २००८ ला क्रोम आलं आणि त्यातल्या व्ही८ इंजिनने वेबपेजं ज्या भाषेवर चालतात त्या जावास्क्रिप्टला असा काही वेग दिला की चित्रच पालटलं. जून २०११ पासून सॅमसंग आणि एसरची क्रोमबुकं, म्हणजे गूगलचे लॅपटॉप, बाजारात येऊ लागली. आत नुसता ब्राउझर, बाकी ठणठणाट! त्याच महिन्यात मायक्रोसॉफ्टने ऑफिस ३६५ काढलं.
क्रोमबुक आपल्याकडे फारसं कुणी घेतलं नाही, मान्य. पण लढाई तिथे नव्हतीच. मायक्रोसॉफ्टला स्वतःचं ऑफिस ब्राउझरात आणावं लागलं, तिथेच गूगल जिंकलं. आमच्या मंडळाच्या वर्गणीची शीट तीन पोरं तीन गल्ल्यांतून मोबाइलवर भरतात, खजिनदार घरबसल्या बेरीज पाहतो. कुठल्या डेस्कटॉप एक्सेलवर जमलं असतं हे?

डीटीपीवाला
वर्गणीपुरतं ठीक आहे हो. आमच्या धंद्यात या. पानं लावायच्या पेजमेकरात श्रीलिपीच्या जुन्या फाँटात टाइप केलेली दिवाळी अंकाची कथा डॉक्समध्ये पेस्ट करून बघा. रोमन अक्षरं आणि चिन्हांची नुसती खिचडी दिसेल.

आडवाटेकर
तो दोष जुन्या फाँटच्या एन्कोडिंगचा. पेजमेकरला युनिकोड, म्हणजे सगळीकडे चालणारं अक्षरांचं एकच एन्कोडिंग, कळत नाही, त्यात वेबचा काय गुन्हा? लेखकांना डॉक्समध्ये युनिकोडात लिहायला सांगा.

डीटीपीवाला
दोष कुणाचाही असो, अंकाच्या पानांचा फॉर्म उद्या सकाळी छापायला जायचाय. आणि लेखक युनिकोडात पाठवतातच, म्हणून तर आम्ही ते जुन्या फाँटात न्यायला कन्व्हर्टर लावून हरवलेले रफार शोधत बसतो.

पागडीवाली
फाँटचं सोडा. सॉफ्टवेअरच्या बाबतीत स्वतःच्या फ्लॅटमधून आपण भाड्याच्या, पागडीच्या खोलीत आलोय, त्याचं बोला. नायरा एनर्जी आठवते? तेल कंपनी, मुंबईत मुख्यालय, गुजरातेत वाडीनारला रिफायनरी. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाने निर्बंध लावले आणि मायक्रोसॉफ्टने यांचं ईमेल आणि चॅट-मीटिंगचं टीम्स बंद केलं. लायसन्सचे पूर्ण पैसे भरलेत, असं नायराचं म्हणणं होतं. दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतल्यावर सेवा परत सुरू झाल्या. एवढ्या मोठ्या कंपनीची ही गत, तर तुमच्या खजिनदाराला कोण विचारतो?

आडवाटेकर
ते मायक्रोसॉफ्ट. विषय गूगलचा आहे.

पागडीवाली
वर तुम्हीच लिहिलंत ना, गूगलने मायक्रोसॉफ्टला या वाटेवर आणलं म्हणून? मग श्रेय घेताना हेही घ्या.

सीडीतला_माणूस
मावशी, पागडीवाल्याला निदान भाडे नियंत्रण कायद्याचं संरक्षण असतं. मालक वाटेल तेव्हा सामान रस्त्यावर टाकू शकत नाही. इथे 'आय अ‍ॅग्री' दाबलं की संपलं.
पण डेस्कटॉपच्या नावाने गळा काढणाऱ्यांनाही एक विचारतो: त्या काळात तुमच्यापैकी किती जणांचं फोटोशॉप विकतचं होतं? मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या चोरीच्या सीड्या आणि त्यांच्यासोबत फुकट आलेले व्हायरस. हार्डडिस्क उडाली की वर्षाचा हिशेब गेला. बॅकअप कोण घेत होतं?

डीटीपीवाला
आम्ही घेत होतो. दोन-दोन सीड्यांवर.

गप्प_बसा
आडवाटेकर, खुद्द गूगलचाच 'सगळं ब्राउझरात' यावर विश्वास राहिला नाही. २०१६ मध्ये क्रोमबुकवर अँड्रॉइड अ‍ॅप्स आणली, २०१८ मध्ये लिनक्सचीही सोय केली. ब्राउझर पुरत होता तर हे कशाला?
आणि कॉम्प्युटरवर गूगल ड्राइव्हच्या फोल्डरात डॉक्सची फाइल दिसते ना, ती नुसती लिंक असते. पेनड्राइव्हवर कॉपी करून नेट नसलेल्या मशीनवर उघडून पाहा, मजकुराची एक ओळ मिळणार नाही. आमच्या ऑफिसात एकाने अशी अख्खी फोल्डरं पेनड्राइव्हवर घेऊन बॅकअप झाला म्हणून जाहीर केलं होतं.

आडवाटेकर
फाइल मेन्यूत डाउनलोड आहे, वर्डमध्ये हवी की पीडीएफ तेही विचारतो. न वापरणाऱ्याला काय करायचं?
अँड्रॉइड अ‍ॅप्सचा मुद्दा मात्र वजनदार आहे. तरी पाहा, डिझाइनचं फिग्मा ब्राउझरातच वाढलं आणि फोटोशॉपही वेबवर आलं. म्हणजे दिशा चुकली नव्हती, घाई झाली.

पागडीवाली
दिशा बरोबर असेल हो, भाडं कोण ठरवणार? गूगलने शिक्षणसंस्थांना आधी ड्राइव्हवर अमर्याद जागा फुकट दिली. कोविडात आमच्या कॉलेजात सगळी लेक्चरं ड्राइव्हवर चढली. २०२१ मध्ये गूगलने जाहीर केलं, आता अख्ख्या संस्थेला मिळून १०० टेराबाइट. मग ऑफिसातून फर्मान निघालं, जुने व्हिडिओ उडवा. आमच्या विभागात काय ठेवायचं ते ठरवायला बसलो, तर निम्मी लेक्चरं निवृत्त झालेल्या सरांच्या अकाउंटवर निघाली, आणि ती अकाउंटं आधीच बंद केलेली.